कात्री आणि कोयता

काशेळ्याच्या पुढे रस्ता भीमाशंकरच्या डोंगराकडे चढू लागतो. तिथल्या एका ठाकरवाडीत, शेणाने सारवलेल्या ओट्यावर मी एका आईसमोर बसले होते. मांडीवर छापील तक्ता, हातात पेन. मुलगा साडेचार वर्षांचा. उशिरा चालला, शब्द मोजकेच, अंगणवाडीत एका जागी बसून राहतो, म्हणून सेविकेने मला बोलावून घेतलं होतं. खाणं, पाणी पिणं, कपडे घालणं असं विचारत विचारत मी पुढच्या ओळीवर आले. मूल कात्रीने कापतं का?

आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कात्री कुठली बाई घरात? कोयता हाय. आज्याबरोबर रानात जातो तवा काटक्या तोडतो त्यानं."

पेन 'हो' आणि 'नाही' यांच्यामध्ये थांबलं. तक्त्यात कोयत्याला जागा नव्हती.

तो तक्ता सामाजिक परिपक्वतेचा होता. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या व्हाइनलँड या गावी एडगर डॉल या मानसशास्त्रज्ञाने १९३५च्या सुमारास तो तयार केला. मूल वयाच्या मानाने स्वतःचं स्वतः किती करतं हे आईबापांना विचारून जोखायचं, अशी ती पद्धत. पुढे नागपूरच्या मालिन यांनी तो भारतीय मुलांसाठी बेतला. त्यात ८९ बाबी आहेत. मिळालेल्या उत्तरांवरून मुलाचं 'सामाजिक वय' काढतात, त्याला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणतात, आणि येणाऱ्या आकड्यावर पुढचं सगळं ठरतं. आज लागू असलेल्या सरकारी नियमांत हा आकडा ५५ ते ६९ आला तर बौद्धिक अक्षमता ५० टक्के धरतात. ७० ते ८४ आला तर २५ टक्के. कायद्याच्या बहुतेक सवलतींचा उंबरठा ४० टक्क्यांवर आहे. म्हणजे ६९ आणि ७० यांच्या मधल्या रेघेवर एखाद्या मुलाचं दार उघडतं किंवा बंद होतं. कात्रीच्या ओळीसमोरची एक खूण त्या रेघेवरच्या मुलाला इकडून तिकडे ढकलू शकते. प्रमाणपत्रासाठीची चाचणी मानसशास्त्रज्ञ घेतात, मी फक्त आधीचा अंदाज घेत होते. तरीही पेन थांबलंच.

मी 'हो'वर खूण केली आणि शेजारी लिहिलं, 'कोयत्याने.' बरोबर केलं की चूक, याचा विचार पुढे कित्येक वर्षं करत राहिले.

२०११च्या जूनमध्ये मी फिरती विशेष शिक्षिका म्हणून या भागात आले. 'फिरती' हा शब्द आमच्या नेमणुकीतला आणि तो शब्दशः खरा. आधी कर्जत तालुका, मग काही वर्षं खालापूर, मग पुन्हा कर्जत. नेरळ, कळंब, कडाव, खांडस, आंबिवली. इकडे खोपोली, चौक, मोहोपाडा. शाळेत जाणाऱ्या दिव्यांग मुलांना भेटायचं, त्यांच्या शिक्षकांबरोबर बसायचं, जी मुलं घराबाहेर पडूच शकत नाहीत त्यांच्या घरी जाऊन शिकवायचं. लावणीच्या दिवसांत वाडीवर जावं तर चिटपाखरू नसतं. सगळे शेतात आणि अंथरुणावरचं मूल म्हाताऱ्या आजीच्या हवाली. दिवाळीनंतर जावं तर कातकरी घरांना कुलूपदेखील नसतं, कारण कुलूप लावण्यासारखं काही मागे ठेवलेलंच नसतं. माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, पोरांसकट, ती पावसाच्या तोंडावर परततात. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला कळलं की मुंबईपासून इतक्या जवळ, गाडी न पोहोचणाऱ्या वाड्या आहेत. त्या रात्रीचं दुःख शब्दांत मावणारं नाही. पण डोंगराच्या कुशीतली ती पायवाट आम्हा फिरत्या लोकांच्या ओळखीची होती. अशा पायवाटांच्या टोकाला तीन-चार वर्षांची मुलं असतात, आणि त्यांतल्या काहींना लवकर मदत हवी असते.

ती मदत कुणी, कधी आणि कशावरून ठरवायची, हा माझ्या सगळ्या नोकरीचा प्रश्न राहिला.

कागदावरची वाट तशी सरळ आहे. फेब्रुवारी २०१३मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली, तीही आपल्याच राज्यात, पालघरला. या कार्यक्रमात आरोग्य पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतं आणि शाळेतल्या मुलांना एकदा. जन्मजात दोष, कमतरतेचे आजार, बालपणातले आजार आणि विकासातला विलंब, अशा चार गटांत ते बघतं. काही वावगं दिसलं तर मुलाला पुढे, जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं. हा कार्यक्रम आल्यावर वाकड्या पायाची, फाटलेल्या ओठाची कितीतरी मुलं वेळेत शस्त्रक्रियेला गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जे दिसतं ते सापडतं. जे दिसत नाही, म्हणजे न बोलणं, न ऐकणं, न कळणं, ते एका भेटीत सापडायला कठीण. अनोळखी माणसांची गाडी आली की वाडीतली निम्मी मुलं तशीही मुकीच होतात.

पुढची पायरी प्रमाणपत्राची. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने १९९५च्या कायद्यातले सात प्रकार वाढवून एकवीस केले. त्यात स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली, सिकलसेल आणि थॅलेसेमियाही आले. पण लहान मुलाच्या बाबतीत नियम अडखळत चालतात, आणि त्याला कारणही आहे. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र देत नाहीत. एक ते पाच वर्षांपर्यंत 'सर्वांगीण विकासात्मक विलंब' एवढंच लिहायचं आणि प्रमाणपत्र तात्पुरतं द्यायचं. पाचव्या वर्षी पुन्हा तपासणी, दहाव्या वर्षी पुन्हा, अठराव्या वर्षी पुन्हा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी नाहीच. यातला शहाणपणा मला मान्य आहे. तीन वर्षांचं मूल मातीसारखं ओलं असतं, त्याच्यावर कायमचा शिक्का उमटवू नये. 'विलंब' हा शब्द मूल पुढे येईल अशी जागा ठेवतो.

पण आईबापांच्या तोंडी तो शब्द नसतो. त्यांच्या तोंडी असतं, "किती टक्के बसले?" वाडीवर, एसटीत, रुग्णालयाच्या व्हरांड्यात सगळीकडे हाच प्रश्न. टक्के बसले तर कार्ड, कार्ड असेल तर भत्ता, भत्ता असेल तर गाडीभाडं. बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ लागतात, म्हणून बहुतेकांना जिल्हा रुग्णालय, म्हणजे अलिबाग गाठावं लागतं. कर्जतहून खोपोली, पेण, वडखळ करत ऐंशीएक किलोमीटर. खांडसकडच्या वाडीतल्या बाईला कर्जतपर्यंत पोहोचण्यातच सकाळ जाते. आमच्या भागाचं हे विचित्र आहे की मुंबई एका लोकलवर आणि आपला जिल्हा तीन एसट्यांवर. झटके येणाऱ्या मुलाला खांद्यावर टाकून, शिदोरी बांधून, दोघांची दोन दिवसांची मजुरी बुडवून आईबाप जातात. आधार कार्डातलं नाव आणि जन्मदाखल्यातलं नाव जुळलं नाही तर तसेच परत येतात. परतल्यावर पहिला प्रश्न शेजारीण विचारते, टक्के बसले का. मूल काय शिकू शकेल, हे विचारणारं त्या व्हरांड्यात आणि त्या एसटीत कुणीच भेटलेलं नसतं.

इथे एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावी लागते, आईबापांना आणि कधीकधी शिक्षकांनाही. शाळेत बसण्यासाठी, शिकण्यासाठी आणि शिकताना मदत मिळण्यासाठी चाळीस टक्के लागत नाहीत. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आहे, आणि २०१२च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं त्यात आणखी ठळकपणे आली. ज्याला उठून शाळेत जाणं शक्य नाही त्याला घरी शिकण्याचा पर्यायही तिथेच आला. चाळीस टक्क्यांची गरज पडते ती दिव्यांग कायद्यातल्या सहा ते अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाच्या हक्कासाठी, भत्त्यांसाठी, सवलतींसाठी. वर्गात एखाद्या मुलाला पुढच्या बाकावर बसवायचं, चित्रांतून शिकवायचं, त्याला उत्तर द्यायला दुप्पट वेळ द्यायचा, हे सुरू करायला शिक्षकाची नजर पुरते. आणि सहा वर्षांच्या आत तर उंबरठाच नाही. अंगणवाडी सगळ्यांची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर हेच केलं होतं. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जायचं. अंगणवाडी हे नावच त्या कामातून आलं आहे. त्या अंगणात शिरायला कुणालाही पात्र व्हावं लागत नाही. माझ्या लेखी आपल्याकडची ही सर्वांत मोठी ठेव आहे, आणि विशेष शिक्षणाचा विचार करताना आपण तिच्याकडे सर्वांत कमी बघतो.

आता माझ्या दोन नोंदींबद्दल. दोन्ही माझ्या हातच्या.

पहिली २०१२मधली. कर्जत तालुक्यातल्या एका शाळेत पहिलीत आलेली कातकरी मुलगी. वर्गात एक शब्द बोलत नव्हती. मी तिच्यासमोर लाकडी आकारांची पाटी ठेवली, गोल, चौकोन, चांदणी जागच्या जागी बसवायची ती. तिने हात लावला नाही. रंगांची नावं विचारली, गप्प. चित्रातली फळं विचारली, गप्प. त्या चित्रांत सफरचंद होतं आणि द्राक्षं होती, करवंदं नव्हती. मी नोंद केली की विकासात विलंब दिसतो, पुढील तपासणी आवश्यक. ती नोंद शाळेत राहिली, शाळेतून वाडीत गेली, आणि वाडीतून मुलांच्या तोंडी. नोंदीतला लांबलचक शब्द वाटेत गळून पडला आणि 'येडी' एवढंच उरलं. चार महिन्यांनी मी ओढ्यावर तिला पाहिलं. लहान भावंडाला कडेवर घेऊन ती मुठीत धरलेल्या खेकड्यांची वाटणी करत होती, मोठा कुणाला, बारका कुणाला, आणि तिच्याहून मोठ्या दोन मुलांना तिच्या भाषेत खडसावत होती. वाटणी बिनचूक होती. कातकऱ्यांची बोली वेगळी आहे हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि पाटी समोर ठेवताना ते लक्षात असणं यांत अंतर पडलं. शाळेतली मराठी तिच्यासाठी परकी भाषा होती आणि मी त्या परक्या भाषेत तिची बुद्धी मोजायला गेले होते. मी शाळेत जाऊन नोंद बदलली. 'येडी' मात्र माझ्या हाताबाहेर गेलं होतं. तिसरीनंतर ती शाळेत आली नाही.

त्यानंतर मी सावध झाले. कुठलंही मूल गप्प दिसलं की आधी स्वतःला विचारायचे, याची घरची भाषा कोणती? वाडीतल्याच एखाद्या मोठ्या मुलीला शेजारी बसवून तिच्याकरवी विचारायचे. ही सवय चांगलीच होती आणि आजही आहे.

दुसरी नोंद २०१४मधली, खालापूर तालुक्यातली. अंगणवाडीतला चार वर्षांचा मुलगा. सेविकेने सांगितलं, "ताई, हा हाक मारली तरी बघत नाही." मी हाक मारली, बघितलं नाही. मोठ्या मुलीला त्याच्या बोलीत हाक मारायला लावली. तो तिच्या समोरच होता, तिचे ओठ हलताना पाहून हसला. मला वाटलं, ऐकलं. मी लिहिलं, 'भाषेची अडचण. सहा महिन्यांनी पुन्हा पाहणे.' सहा महिन्यांनी घर भट्टीवर गेलं होतं. त्यानंतरच्या वर्षी मला दुसरी केंद्रं मिळाली. नोंद वहीत राहिली.

तो पुन्हा भेटला तेव्हा सात वर्षांचा होता, दुसरीत. गुरुजींची तक्रार होती की सांगितलेलं ऐकत नाही, फळ्यावरचं उतरवतो मात्र सुरेख. या वेळी मी त्याच्या पाठीमागे उभी राहिले आणि टाळी वाजवली. वर्गातली सगळी मुलं वळली, तो एकटा वळला नाही. त्याच्या आईवडिलांना घेऊन मी खोपोली लोकलने निघाले, दादरला गाडी बदलून वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत गेलो. मेंदूपर्यंत आवाज पोहोचतो का हे तपासणारी चाचणी झाली. दोन्ही कानांत ७० डेसिबलच्या वर दोष. कायद्याच्या भाषेत कर्णबधिर. टक्के बसायला काहीच अडचण नव्हती. कानामागे शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्राची, कॉक्लिअर इम्प्लांटची केंद्र सरकारची मोफत योजना आहे आणि तिचं काम हीच संस्था बघते. ती योजना पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी आहे. ऐकण्याचा आणि बोलण्याचा मेंदूतला भाग पहिल्या काही वर्षांत आवाजाची वाट बघतो, आवाज आला नाही तर ती जागा दुसऱ्या कामाला लागते, म्हणून ती अट. तिथल्या तज्ज्ञ बाईंनी सहज विचारलं, "याला आधी कुणी तपासलं नव्हतं का?"

आई म्हणाली, "बाईंनी बघितलं होतं." माझ्याकडे बोट न दाखवता, तक्रारीचा सूर न लावता. खरं तेच सांगितलं तिने.

परतताना लोकलमध्ये तो खिडकीशी उभा होता. वांगणी गेलं, शेलू गेलं. नेरळला माथेरानची छोटी गाडी उभी दिसली तेव्हा त्याने माझा हात ओढून ती दाखवली. आज तो पंधरा वर्षांचा आहे. कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिकतो, हातांनी भराभर बोलतो, त्याचं अक्षर अजून सुरेख आहे. त्याचं आयुष्य उणं आहे असं मी म्हणणार नाही. पण कोणत्या भाषेत वाढायचं याचा एक रस्ता त्याच्यासाठी चार ते पाच या एका वर्षात बंद झाला, आणि त्या वर्षी त्याला बघायला आलेली व्यक्ती मी होते.

या दोन मुलांना मी मनात नेहमी शेजारी शेजारी उभं करते. एकीच्या बाबतीत मी गप्पपणाला दोष समजले, दुसऱ्याच्या बाबतीत दोषाला गप्पपणा. पहिल्या चुकीतून जे शिकले त्यानेच दुसरी चूक घडवली. दोन्ही वेळा मी एकदाच गेले होते, एकाच सकाळी, आणि एका सकाळच्या पाहण्यावर वाक्य लिहून मोकळी झाले होते. मूल रोज बघणारी बाई वेगळं सांगत होती. त्या मुलाच्या सेविकेने 'बघत नाही' असं म्हटलं होतं. 'समजत नाही' असं ती म्हणाली नव्हती. तिचा शब्द माझ्या शब्दापेक्षा अचूक होता.

माझी एक मावसबहीण न्यू जर्सीत राहते, व्हाइनलँडपासून दोनेक तासांवर. तिचा मुलगा तीन वर्षांचा होत आला तरी दोन शब्द जोडत नव्हता. तिकडे १९७५च्या कायद्यापासून शाळा-जिल्ह्यावरच जबाबदारी आहे की अशी मुलं त्यांनी स्वतः शोधायची, आणि १९८६पासून तीन ते पाच वर्षांची मुलंही त्या हक्कात आली. तिने शाळा-जिल्ह्याला एक पत्र लिहिलं. वीस दिवसांच्या आत बैठक, संमती दिल्यापासून नव्वद दिवसांच्या आत तपासणी, निर्णय आणि प्रत्यक्ष मदत सुरू, असा तिथला नियम. पात्रतेची अटही टक्क्यांचीच आहे. विकासाच्या एका अंगात ३३ टक्के विलंब किंवा दोन अंगांत २५-२५ टक्के. मला फोनवर ती हे सांगत होती तेव्हा वाटलं, आकडे तिकडेही आहेत, रेघ तिकडेही आहे. तिच्या मुलाला घरी मराठी आणि बाहेर इंग्रजी, म्हणून तिने तपासणी मराठीत करा असा आग्रह धरला. मुलाच्या भाषेत तपासणी करणं हे तिथल्या कायद्यातच आहे. माझी कातकरी मुलगी मला तेव्हा आठवली.

फरक मला आणखी एका ठिकाणी दिसला. तिथे आकडा काढल्यावर लगेच दुसरा कागद होतो. या मुलाला आठवड्यातून किती वेळ कोण काय शिकवणार, वर्षअखेर तो काय करू शकला पाहिजे, याचा. आईबाप त्या कागदावर सही करतात. आपल्याकडे वैयक्तिक शैक्षणिक आराखडा आम्ही विशेष शिक्षक बनवतो, मनापासून बनवतो, पण आईबापांच्या हातात आकड्याचं कार्ड असतं आणि आराखडा आमच्या कपाटात. खालापूरच्या त्या मुलाच्या आईने कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून, पत्र्याच्या पेटीत ठेवलं आहे. आराखडा तसा जपावा इतका तो तिचा कधी झालाच नाही.

गेल्या काही वर्षांत गोष्टी हलल्या आहेत, हे मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. २०२२मध्ये 'प्रशस्त' नावाची तपासणी सूची मोबाइलवर आली. एकवीसही प्रकारांसाठी वर्गशिक्षकानेच पहिली पाहणी करायची. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. सेविकेने लक्षणं ओळखायची, मुलाला अंगणवाडीत सामावून घ्यायचं, आशाताई आणि आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये प्राथमिक शाळेत दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. त्यानंतर २०२४मध्ये आपल्या सरकारने ४८६० केंद्रांसाठी प्रत्येकी एक विशेष शिक्षकाचं पद मंजूर केलं. आमच्यातले कितीतरी जण कंत्राटावर म्हातारे होत आले होते, त्यांच्यासाठी ही मोठी बातमी होती. केंद्र म्हणजे दहा-बारा शाळा. दोन तालुक्यांतून धावणाऱ्या मला तो आकडा वाचून सुटकेचा श्वास घ्यावासा वाटला.

तरी सेविकेच्या वाट्याचं काम बघितलं की धडकी भरते. पोषण आहार, वजनं, लसीकरणाची यादी, मोबाइलमधल्या नोंदी, गरोदर मातांच्या भेटी, आणि आता एकवीस अक्षमता. तिला आपण तक्ता देतो, प्रशिक्षणाचा एक दिवस देतो. मी मागत आले ते वेगळं आहे. तिच्या 'बघत नाही'ला किंमत द्या. तिने एखाद्या मुलाबद्दल सांगितलं की पुढच्या पंधरा दिवसांत कुणीतरी तिथे पोहोचलं पाहिजे, आणि एकदा नाही, तीनदा. एकदा अंगणवाडीत, एकदा घरी, एकदा ओढ्यावर. मूल भट्टीवर गेलं तर त्याचं नाव त्या गावच्या सेविकेपर्यंत पोहोचलं पाहिजे. कागद होईल तेव्हा होईल. बोलणं, बसणं, चमचा धरणं शिकवायला त्या दिवसापासून सुरुवात करता येते, आईला शिकवून, आजीला शिकवून. यासाठी शासननिर्णय लागत नाही, मात्र माणूस लागतो आणि त्याचा वेळ लागतो.

त्या कोयत्याच्या मुलाचं सांगायचं राहिलं. त्याला पुढे प्रमाणपत्र मिळालं. मानसशास्त्रज्ञांनी माझा अंदाज बाजूला ठेवून सगळी चाचणी स्वतः घेतली आणि त्यांना कात्रीच्या ओळीवर थांबावं लागलं नाही, कारण बाकीच्या ओळींत विलंब स्पष्ट होता. टक्के बसले. पण शाळेत त्याची सुरुवात झाली ती माझ्या त्या समासातल्या एका शब्दावरून. कोयत्याने काटक्या तोडणारा हात पेन्सिल धरू शकतो, एवढं तिथल्या गुरुजींना कळलं. त्यांनी त्याला काटक्याच दिल्या. पाच इकडे, तीन तिकडे. दहापर्यंत मोजायला त्याला दोन वर्षं लागली. आता तो आजोबांच्या मोळ्या मोजतो.

गेल्या वर्षी श्रावण सरता सरता चौकच्या वरच्या अंगाला एका अंगणवाडीत गेले होते. पाऊस उघडला होता, अंगणात चिखल, आत वीसेक मुलं गोलात बसलेली. सेविका नवी, पंचविशीतली. मला बघून ती उठली नाही. बोटाने थांबा अशी खूण केली. मग स्टीलची ताटली आणि चमचा घेऊन ती मुलांच्या मागून हळू चालत गेली आणि एकेकाच्या पाठीमागे चमचा वाजवत राहिली. मुलं वळून हसत होती. एक मुलगी वळली नाही. सेविका दोन पावलं मागे आली, पुन्हा वाजवला. मुलीने समोरच्या मुलाचा हसरा चेहरा बघितला आणि तीही हसली.

"तीन दिवस करतेय," सेविका म्हणाली. "सकाळी एकदा, जेवण झाल्यावर एकदा. सर्दी झाली होती तिला, म्हणून थांबले होते. सर्दी गेली." तिने हजेरीच्या वहीचं मागचं पान उघडून दाखवलं. तारखा होत्या, वेळा होत्या, समोर फुल्या होत्या. मुलीचं वय तीन वर्षं दोन महिने.

"दिवाळीनंतर ही भट्टीवर जातील, ताई. त्याआधी व्हायला हवं."

मी घर विचारलं. तिने मदतनीस बाईंना मुलांकडे बघायला सांगितलं आणि छत्री घेऊन माझ्याआधी बाहेर पडली.